चाकातल्या अक्षता

...हासा, हासा राजेहो, पोट भरून हासा! तिकडे पायन्यापाशी माह्या घरवालीनं साऱ्या बायायले सांगितलं, आन् त्या बायायनं बाहेर येऊन तुमाले, हो ना? "आमच्या ह्यायनं मोटारीच्या चाकात अक्षता टाकल्या होत्या वं माय!" ह्यायनं म्हंजे मी! मी किसनराव, वलगावचा, साठी जवय आली, देवाले उदबत्ती लावा म्हनलं का ज्याले माचिस सापडत नाही तो मानूस, तो मी चाकात अक्षता टाकत हिंडून रायलो! कायले टाकीन गा? मले काय कामधंदा नाही? आजवर चूप बसलो, तुमाले सांगतो, एक शब्द बोललो नाही. पन आज नातीचं बारसं हाय, बाया आतमधी, आपुन मानसं मांडवात, नाव ठेवाले अर्धा घंटा हाय अजून... जरा खुर्च्या सरकवा इकडे. आन् आवाज हळू. आतमधी जाऊ नाही पाहिजे.

हे सारं झालं स्पेसरच्यापायी. आता स्पेसर म्हंजे काय हे मले तरी कुठी माईत होतं? एक दिवस घरी कुरिअर आलं. आमच्या कुलदीपनं, पोट्ट्यानं माह्या, मागवलेलं. सव्वीस वर्साचं झालं, अमरावतीले कृषी केंद्रात नौकरीले हाय, पन डोक्यात सारा येळ गाडी! डबा खोलला त आत चार चकत्या. चकचकीत, इंचभर जाड, मधात मोठं भोक, भोवताल बोल्ट. मैनाबाई, म्हंजे माही घरवाली, तिनं एक उचलून पायली आन् म्हनते, "ह्याच्यावर काय भाकर भाजाची हाय काय?"

"नाही माय," कुलदीप म्हनते, "हे गाडीच्या आन् चाकाच्या मधात बसते. चाक इंचभर बाहेर येते."

मी म्हनलो, "अरे भैताडा, चाक बाहेर येऊ नाही म्हनून लोक नवस करते, आन् तू डबा मागवून बाहेर काढून रायला?"

"बाबा, तुमी आपल्या गाडीकडे मागून पाहा ना एक डाव! चाकं कशी आतमधी गेली हाय... थंडीत म्हतारं मानूस गुडघे पोटाशी घेऊन बसते तशी दिसते आपली गाडी! आन् ताईले आनाले जाच हाय ना? अकोल्यात ताईच्या सासरच्यायनं पायली पाहिजे गाडी. म्हनले पाहिजे, वलगावची गाडी आली!"

आता ताईचं नाव काढलं का मी ढिला पडतो, हे पोट्ट्याले पक्कं माईत हाय. रागिणी माही. अकोल्याले जठारपेठेत देली. पयलं बायंतपन माहेरात, हे ठरलेलं. आन् आमच्यात कसं हाय, आठव्या महिन्यात पोरीले हालवत नाही. सातवा सरायच्या आत आनली त आनली, नाही त मंग सासरीच. कॅलेंडरवर मैनाबाईनं लाल पेननं गोल केलेला, शुक्रवार. शनिवारपासून आठवा लागते. तिकडे पोर रोज फोन करे, "बाबा, शुक्रवारी पक्कं ना?" आन् इकडे मैनाबाईनं डिंकाचे लाडू केले, जुनी लुगडी धुऊन दुपटी केली, आतल्या खोलीतली पोती माह्या अंगावर काढली... म्हंजे मीच उचलून बाहेर टाकली. इतकं सारं त्या शुक्रवारावर होतं. आन् हे पोट्टं बुधवारी स्पेसर घेऊन उभं!

मी म्हनलो, बसव. पन घरी नाही. देवमनकडून.

देवमन म्हंजे माह्या वर्गातला. अमरावतीले वलगाव रोडवर त्याचं गॅरेज हाय. अभ्यासात ढ, पन गाडीच्या बाबतीत... काय सांगू, गाडीखाली असा जाते जसा पुजारी गाभाऱ्यात. बोलत नाही जास्त. आन् बोलला का दुसऱ्याले बोलू देत नाही.

गुरुवारी आमी तिघं गेलो. त्यानं चकती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, भोकात बोट फिरवलं. हा डबा म्हंजे दुसरा डबा होता बरं का, पयला डबा ह्यानंच वापस पाठवाले लावला होता महिन्याभरामागं. हे मले तवा कयलं! म्हंजे पोट्टं महिन्यापासून ह्याच्याकडे येऊन रायलं आन् बापाले पत्ता नाही! तवा म्हने देवमन म्हनला, "हे भोक मोठं हाय. हबच्या, म्हंजे ज्याच्यावर चाक बसते त्याच्या, नाकावर गच्च बसलं पाहिजे, असं, बोटात आंगठी बसते तसं. ढिलं बसलं त सारा भार बोल्टावर येते. बोल्ट म्हंजे काय देव हाय काय साऱ्या भाराले?" आता हे दुसरं भोक गच्च बसलं. मंग त्यानं नट हातानं फिरवून पायला. मोजून. एक, दोन, तीन... आठ. "आठ फेरे धरते. चालते. चारच फेरे धरला असता त मी हात नसता लावला." मंग कुलदीपले म्हनते, "विमेवाल्यायले कयवलं? आरटीओचा नियम पायला?" पोट्टं खाली पाहे. "मंग कयवून ये. तवरक मी चहा पितो." आन् खरंच पेला बसून! ह्यानं बिचाऱ्यानं भर उन्हात उभं राहून फोन केले, लिहून पाठवलं, उत्तर येईपर्यंत देवमनचे तीन चहा झाले.

तुमी म्हनसान, झालं? कुठी झालं! मंग देवमन म्हनते, पयले एक चाक लावून पाहू, मडगार्डले घासते का. पन रिकाम्या गाडीत काय समजते? गाडी भरली पाहिजे. टपरीवर पाच जन बसले होते, त्यायले आनून मागं बसवलं. त्यातला एक त असा गब्रू होता का तो बसला तशी गाडी म्हनली, आई वं! कुलदीपनं स्टेरिंग पूर्न डावीकडे, पूर्न उजवीकडे. देवमन खाली कान लावून. दोन बोटं जागा रायली. "पास," म्हनते. मंग ते पाच जन उतरायलेच तयार नाही! म्हनते, बसलोच हाओ त परतवाड्यापर्यंत सोडून द्या. असं!

आन् मंग आलं ते वाक्य. राजेहो, हे वाक्य ध्यानात ठेवजा. देवमननं तारेचा ब्रश घेतला, आन् जिथी चकती बसते तो हबचा चेहरा घासाले लागला. घासते, घासते, फडक्यानं पुसते, फुंकर मारते, बोट फिरवते, पुन्हा घासते. गंज नाही, माती नाही, तेलाचा डाग नाही. मी म्हनलो, "देवमन, चाक बसवून रायला का लगनाले उभा राहून रायला?" त त्यानं बोट वर केलं आन् म्हनला, "किसनराव, मधात काही नाही पाहिजे. हब आन् चकती, चकती आन् चाक, चेहऱ्याले चेहरा चिकटला पाहिजे. केस बी नाही पाहिजे. मधात काही नाही पाहिजे!"

"मधात काही नाही पाहिजे!" पुढच्या दोन घंट्यात किती डाव म्हनला असन? वीस डाव! कुलदीप बी म्हने, टपरीवाले बी म्हने, शेवटी मी चहात दूध घ्याले नाही म्हनलो.

आता मैनाबाईचं सांगतो. ती कायले आली होती गॅरेजात? ती पूजेले आली होती! तिचं एक हाय, घरात नवी वस्तू आली का तिले हयद-कुंकू आन् अक्षता लागल्याबिगर ती चालू व्हाची नाही. फवाऱ्याचा पंप असो, फ्रिज असो... मोबाईल आनला होता मले, त्याले इतक्या भक्तीनं अक्षता वायल्या का एक दाना चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला, आठ दिवस फोन बंद! दुकानवाल्यानं सुईनं काढला आन् म्हनते, काका, हा तांदूय बासमती हाय काय?

त तिनं पदराखालून ताटली काढली तसा देवमन ताडकन उभा. "वैनी! वरून लावा. टायरले लावा, बोनटले लावा, माह्या कपायाले लावा. मधात काही नाही पाहिजे!"

"बरं बापा," मैनाबाई म्हनते. असं गरीब तोंड करून! आन् मी तिले पस्तीस वर्सापासून वयखतो. ती "बरं बापा" म्हनली का समजून घ्याचं, की बरं काही नाही.

तीन चाकं बसली. चौथं, पुढचं डावं. चकती हबवर कसून झालेली, आता तिच्यावर चाक बसाचं बाकी. देवमनचा फोन आला, तो तिकडे फिरला. कुलदीप बसलेल्या चाकाचा फोटू काढून रायला, वाकून, झोपून, जमिनीले गाल लावून. आन् मैनाबाई... हळूच... चकतीवर अंगठ्यानं कुंकू. हयद. आन् चिमूटभर अक्षता, ओल्या कुंकवात अशा दाबून, पडू नाही म्हनून! पदर सारका केला आन् झाली उभी. कुलदीपनं मोबाईल खिशात टाकला, न पायता चाक उचललं आन् लावलं वरून. देवमननं येऊन नट कसले. ते बी असे, समोरासमोरचे, चांदणी काढते तसे, टॉर्कच्या पान्यानं. कट् करून आवाज आला का थांबाचं.

आन् हे सारं कोनी पायलं? म्या पायलं! ह्या दोन डोयानं! बोललो काय? नाही बोललो. काहून नाही बोललो? आता तुमीच सांगा, ज्याचं ज्याचं लगन झालं हाय त्यानं सांगा... भर गॅरेजात, देवमनसमोर, टपरीवरच्या पाच जनासमोर बायकोले म्हनू, का ते कुंकू काढ? आन् शुक्रवारी पोरीले आनाचं, आन् आदल्या दिवशी कुंकू पुसाले लावलं असं आयुष्यभर ऐकू? म्या मनात म्हनलं, चार दाने तांदयाचे. चार दान्यानं काय होते? टनभराची गाडी हाय!

देवमननं टॉर्कचा पाना आमच्या डिक्कीत टाकला. "पन्नास-शंभर किलोमीटर झाले का सारे नट पुन्हा कस. इसरू नोको. मंग वापस आनून दे."

शुक्रवारी निंगालो. मी पुढं, कुलदीप चालवून रायला, मागं मैनाबाई, लाडूचा डबा मांडीवर. बडनेरा मागं पडलं, रस्ता मोकया लागला, पोट्ट्यानं पाय दाबला. साठ... पासष्ट... सत्तर. आन् सत्तरले गाडीच्या अंगात आलं! खोटं नाही सांगत, स्टेरिंग असं मान हालवाले लागलं, नाही-नाही-नाही-नाही! कुलदीपचे हात थरथर, माह्या मांडीवरचा चष्मा खाली, डब्यातले लाडू आतल्या आत कुस्ती खेयून रायले! पन्नासवर आनली त गाडी शांत. पुन्हा सत्तर, पुन्हा अंगात! कुलदीप म्हनते, "बाबा, देवमनकाकानं त सारं साफ केलं होतं ना हो?" मी खिडकीबाहेर कपाशी पाहून रायलो. आरशात मैनाबाईकडे पायलं, त ती डोये मिटून बसलेली, ओठ हालून रायले. देवाचं नाव घेऊन रायली होती. ज्या देवाच्या अक्षता चाकात, त्याचंच!

पन्नासच्या स्पीडनं अकोला म्हंजे दिवस गेला. जठारपेठेत पोचलो त इहीनबाई दारातच. गोदाबाई, रागिणीची सासू. पंचवीस वर्स शायेत मास्तरीन होती, आता रिटायर. घर आजून शाया हाय. इवाई, भगवंतराव, त्यायले बी बोलाचं असन त आधी तिच्याकडे पाहून घेते. "किती वाजले?" हेच पयलं वाक्य! या नाही, बसा नाही!

आन् आमचा राजा हरिश्चंद्र, कुलदीप... "मावशी, सत्तरच्या वर गाडी थरथरते ना, म्हनून हळू आलो."

मी त्याच्या पायावर पाय देला. पन बोलून झालं होतं.

गोदाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. गाडीभोवती एक चक्कर. चष्मा खाली करून चाकाकडे पायलं. "ही चाकं बाहेर काहून आली?" "मावशी, स्पेसर लावले." "कशासाठी?" "...लुक येते." मास्तरीननं चष्मा पुन्हा वर केला. मंग म्हनते, "सात महिन्यांची गरोदर सून मी या गाडीत पाठवणार नाही. बाळंतपण इथं होईल. मैनाबाई, तुम्ही इथं येऊन राहा. विषय संपला."

आता तुमी म्हनसान, दुसरी गाडी करा. म्या बी तेच म्हनलं! त म्हनते, भाड्याचा ड्रायव्हर कसा चालवेल ते मला सांगा. यष्टी? त्या खड्ड्यांतून? जवाई गाडी घेऊन नाशिकले ड्युटीवर. उद्यापासून आठवा. आन् दारात रागिणी उभी...  बॅग हातात होती. चार दिवसापासून भरून ठेवली होती म्हने. ती बॅग तिनं हळूच दाराआड सरकवली, मले दिसू नाही म्हनून. मले दिसली ना गा! बाप हाओ मी, मले बॅगच दिसली पयले. मैनाबाईनं लाडूचा डबा पोटाशी असा धरलेला, जसा कोनी हिसकून नेते. 

कुलदीपनं फोन लावला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर देवमन, अर्धं तोंड आन् पूर्न नाक. "काका, सत्तरले थरथरते." देवमन म्हनते, "कोनतं चाक?" "डावीकडून वाटते." "खोल. आत्ताच खोल. नट पाहून खोल, ढिले हाय का सांग." जठारपेठेतल्या गल्लीत जॅक लागला. शेजारचे गॅलरीत. मोबाईल धराले कोन? मी! माह्याच हातात देवमन!

पाना लावला. पयला नट... अर्धा फेरा आरामात फिरला. दुसरा बी. राजेहो, आतापर्यंत मले गम्मत वाटून रायली होती, खरं सांगतो, मनात हासून रायलो होतो मी. पन तो नट फिरला ना... ह्या गाडीत माही पोर बसनार होती. दोन जिवाची पोर. आन् म्या पायलं होतं. पाहून चूप बसलो होतो.

चाक निंगालं. लाल! चकतीवर सारं लालभडक, आन् त्याच्यात पांढरं पांढरं, दाबून पापडावानी पातय झालेलं.

"काय गा ते लाल?" फोनमधून देवमन. "गंज हाय काय? तेल हाय काय?"

कुलदीपनं नखानं खरवडलं, वास घेतला. "काका... कुंकू हाय."

"काय हाय?"

"कुंकू. आन् तांदूय."

 मंग असा आवाज आला का गॅलरीतली कबुतरं उडाली. "मधात काही नाही पाहिजे म्हनलो होतो ना मीSSS! एका बाजूनं तांदूय आला, चाक वाकडं बसलं, तांदयाचं पीठ झालं का नट ढिला! कोनं टाकला? कोनं टाकला तांदूय?"

आन् गोदाबाई, चष्मा सारका करून, वर्गात खडू फेकणाऱ्या पोट्ट्याले शोधते त्या आवाजात, "कोणी टाकल्या अक्षता?"

मैनाबाईनं माह्याकडे पायलं. पदराचं टोक दातात. तिचे ओठ हालले, खोटं कायले बोलू, ती सांगनारच होती, "म्या" म्हनाले तोंड उघडलंच होतं तिनं. आन् माह्या डोयासमोर पुढची वीस वर्सं आली. पोरीचं सासर. हरेक सनाले, हरेक लगनात, "आमच्या सुनेची आई, तीच ती, चाकात अक्षता टाकणारी." पोरीले ऐकाव लागन. आन् हिले... हिनं त पोरीच्याच भल्यासाठी टाकल्या होत्या ना गा!

म्या म्हनलं, "म्या टाकल्या."

कुलदीपच्या हातातला पाना पडला. रागिणी म्हनते, "बाबा, तुमी?" भगवंतराव पयल्यांदा बिना परवानगीचे बोलले, "इवाई, तुमी त सत्यनारायणाले बी पेपर वाचता!" आन् गोदाबाई म्हनते, "का टाकल्या?"

आता काय सांगू?  तोंडातून निंगालं ते निंगालं... "पोरीले आनाले चाललो होतो. पयलंच बायंतपन हाय तिचं. मले भेव वाटून रायलं होतं. कोनाले सांगाव ते समजेना. म्हनून..."  अरे, मले वाटलं मी खोटं बोलून रायलो, आन् ते त सारं खरं निंगालं! दोन महिन्यापासून भेव वाटून रायलं होतं मले, आन् ते मलेच जठारपेठेत समजलं, हातात देवमनले धरून! देवमन फोनमधून म्हनते, "किसन्या, फोन सारका धर, मले आभाय दिसून रायलं."

गोदाबाईनं पाठ फिरवली. आत गेल्या. आम्हाले वाटलं, गेलं सारं. त बाहेर आल्या धुतलेलं फडकं घेऊन. आन् मास्तरीनबाई गल्लीत खाली बसल्या, त्या चकतीपाशी, आन् स्वतः पुसाले लागल्या! रॉकेलचा बोया, मंग कोरडं फडकं, मंग पदर! देवमन इकडून, "इहीनबाई, कोपऱ्यात पाहा, बोल्टच्या बुडाशी... मधात काही नाही पाहिजे." त्या तिकडून, "मला समजतं हो!" कुलदीपनं दुसरी बी तिन्ही चाकं खोलून दाखवली. साफ! चाकं बसली, चांदणीनं नट कसले, कट्, कट्, कट्. देवमन म्हनते, "आवाज ऐकू आला. पास."

पन मास्तरीन परीक्षा घेतल्याबिगर पास करते काय? पुढच्या सीटवर बसल्या, हातात स्टीलचा गिलास, काठोकाठ पानी. "चल. ऐंशीपर्यंत ने. सांडलं, तर सून इथंच." कुलदीपनं नेली हायवेवर, मी मागं, जीव मुठीत. साठ... सत्तर... माहे डोये त्या गिलासावर. पंचाहत्तर... ऐंशी. स्टेरिंग कसं शांत, पानी कसं गपगार! वापस येतांनी जठारपेठेच्या तोंडाशी खड्डा आला आन् अर्धा गिलास त्यायच्याच लुगड्यावर. मी म्हनलो, संपलं! त त्या म्हनते, "हे महापालिकेचं आहे. हे धरत नाही."

रागिणी बसली गाडीत. गोदाबाईनं बोनटवर कुंकू लावलं, वरून बरं का, आन् मले म्हनते, "इवाई, अक्षता टाकायच्या तर लेकीच्या डोक्यावर टाका." टाकल्या मी. पयल्यांदा आयुष्यात टाकल्या त तवा टाकल्या!

मुर्तिजापुरात थांबलो, नट पुन्हा कसाले. कुलदीप वाकलेला, पोर गाडीत झोपलेली. मैनाबाई माह्यापाशी आली. चहा आनला टपरीवरून. स्वतः! पस्तीस वर्सात हिनं मले बाहेर चहा आनून देला नव्हता. बाजूले उभी रायली, आन् हळूच म्हनते, "वरचं कुंकू पुसल्या जाते वो. आतमधी टाकलं त टिकन, असं वाटलं मले." मी म्हनलो, "जाऊ दे." झालं. इतकंच बोलनं झालं. आन् मले, तुमाले सांगतो, लय बरं वाटलं. चहा थंड होता, तरी.

आता हे इथी संपाव का नाही? नाही! पयल्या आठवड्यात मैनाबाई म्हने, "चाकात अक्षता गेल्या होत्या." बरं. पंधरा दिवसानं, "कोनीतरी अक्षता टाकल्या होत्या." महिन्यानं, "आमच्या ह्यायनं टाकल्या होत्या." मी म्हनलो, मस्करी करून रायली. मंग एक दिवस तिच्या बहिनीले फोनवर, "मी नाही-नाही म्हनत होती, तरी ह्यायनं टाकल्या!" आन् काल, कालची गोष्ट, ताटावर बसलो होतो, मलेच म्हनते, माह्या डोयात पाहून, "अवो, पन तुमाले तवा अक्षता टाकाची बुद्धी झाली कशी?" मी घास हातात धरून पाहून रायलो. ती खरंच विचारून रायली होती! तिच्या डोक्यात आता पक्कं बसलं, का म्याच टाकल्या! देवमन मले गॅरेजात घेत नाही. पाना वापस द्याले गेलो त म्हनते, खिसे दाखव.

म्हनून म्हनलं, आज सांगूनच टाकू. साऱ्यायसमोर. नाव ठेवून झालं का आतमधी जातो, आन् म्हनतो, ऐका वं बायायनो, खरं काय ते...

थांबा थांबा, आतून आवाज आला. कुर्रर्र करून रायल्या. ठेवलं वाटते नाव... काय? काय म्हनल्या? ऐकू नाही आलं... आँ?

अक्षता?

कोनं सुचवलं गा हे?... ह्या पाहा, गोदाबाई दारातूनच ओरडून रायल्या, "इवाई, तुमच्या अक्षतांनी पोर माहेरी आली, म्हणून नातीचं नाव अक्षताच ठेवलं हो!"

...झालं. म्हंजे आता मेलो तरी खरं सांगता येत नाही.

आली, मैनाबाई आली घुगऱ्या घेऊन. "अवो, काय सांगून रायले इतक्या वेयचं ह्यायले?"

काही नाही वं, तेच... म्या चाकात अक्षता कशा टाकल्या ते. घ्या राजेहो, घुगऱ्या घ्या, गरम हाय. आन् मधात कोनी काही बोलू नोका.